तळ्याकाठचं जागावाटप

४ एप्रिल, शनिवार

साडूने गाडी घेतली. गाडी म्हणजे साधी गाडी नव्हे, चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, गॅस, फ्रिज आणि कोपऱ्यात चक्क संडास. आज दुपारी त्याने ती आमच्या गल्लीत आणून उभी केली. समोरच्यांचं फाटक पुरतं अडलं, तरी त्यांनी चकार शब्द काढला नाही. उलट तेच सगळ्यांत आधी आत शिरून पलंगावर बसून आले. मी गाडीचं नाव 'पुष्पक' ठेवलं. ठेवलं होतं टोमणा म्हणून, पण साडूला ते इतकं आवडलं की संध्याकाळपर्यंत सगळेच तसं म्हणायला लागले.

चहाच्या वेळी त्याने हळूच पिल्लू सोडलं. आमच्या तळ्याकाठच्या शिबिराला यंदा त्याच्या ओळखीची आणखी काही चाकांवरची कुटुंबं येणार म्हणे. "तंबूवाले आणि गाडीवाले एकत्र, दादा. मजा येईल. आखणी तुम्हीच करायची, अर्थात."

अर्थात. हे शिबिर सुरू मी केलं. कुणाचा तंबू कुठे, चूल कुठे, मुलांनी पाण्यात कुठवर जायचं, सगळं दरवर्षी मी आखतो. त्यात अर्थात म्हणणारा हा कोण?

मी म्हणालो, "वा, छान." बायकोने माझ्याकडे बघितलं. तिला माझा 'वा, छान' ओळखता येतो.

बाबाही आले होते. बाबा म्हणजे माझे सासरे. गाडीची पायरी चढायला त्यांना जरा वेळ लागला, साडू मागे आधाराला हात धरून उभा राहिला. बाबांनी पलंग बघितला नाही की फ्रिज बघितला नाही. संडासाचं दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं आणि विचारलं, "आतून कडी लागते ना?" मला हसू आवरेना. एवढ्या थाटाच्या गाडीची बाबांनी एका वाक्यात हवा काढली.

७ एप्रिल, मंगळवार

कालपासून उगाच चिडचिड होतेय. ऑफिसात नळांच्या आराखड्यावर दोनदा चुकीची रेघ मारली. पाणीपुरवठा खात्यात इतकी वर्षं रेघा मारतोय, असं कधी होत नाही.

बायको म्हणाली, "तुला गाडी हवी होती का?" मला गाडी नको आहे. मला काय सलतंय ते इथे लिहून टाकतो, वाचणारा मीच आहे.

माझे वडील मला आठवतसुद्धा नाहीत इतक्या लवकर गेले. बाबा मला लग्नात मिळाले. ते गावातल्या तलावावर पोहायला शिकवायचे. इस्त्रीची पांढरी चड्डी, गळ्यात शिट्टी, आणि चाल अशी की पोरं आपोआप रांगेत यायची. त्यांच्या जावयाला मात्र पोहता येत नव्हतं. पहिल्या शिबिरात हे त्यांच्या लक्षात आलं आणि दुसऱ्या दिवशी सगळे उठायच्या आत ते मला पाण्यात घेऊन गेले. तीन शिबिरं लागली मला. त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नाही, सासूबाई होत्या तेव्हा त्यांनासुद्धा नाही. अजूनही दरवर्षी पहाटे आम्ही दोघंच पाण्यात उतरतो आणि रात्री बाबा माझ्याच तंबूत झोपतात. ही आमची रीत आहे.

मला ते 'अरे' म्हणतात. साडूला 'जावईबापू'. त्याच्या लग्नाला आठ वर्षं झाली तरी जावईबापूच. मी या गोष्टीचा गवगवा करत नाही, पण विसरतही नाही.

आता त्याच्याकडे पलंग आहे. माझ्याकडे सतरंजी.

१२ एप्रिल, रविवार

आमच्याकडे सगळ्यांची बैठक झाली. गाडीवाल्यांत एक दातांची डॉक्टरीण आणि तिचा नवरा, आणखी दोन कुटुंबं. माणसं वाईट नाहीत, हेच वाईट. एखादा तरी शिष्ट निघाला असता तर बरं झालं असतं.

गाड्यांना काय काय लागतं याची साडूने माहिती दिली. कडक जमीन, विजेची जोडणी, सांडपाणी सोडायची सोय. आणि गाडी अगदी सपाट उभी राहिली पाहिजे, नाहीतर फ्रिज नीट चालत नाही. त्यासाठी तो गवंड्याची पाणसळ घेऊन फिरतो. ती त्याने आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवून दाखवली. बुडबुडा एका बाजूला पळाला. "टेबल जरा कललंय, दादा," म्हणाला. आम्ही त्यावर वीस वर्षं जेवतोय.

पण त्याच्याच बोलण्याने माझं काम सोपं झालं. कडक जमीन वर रस्त्यालगत आहे, वीजही तिथेच. तंबू खाली, पाण्याकाठी. मध्ये चांगला लांबलचक चढ. मी म्हणालो, "गाड्या वर, तंबू खाली. नियमाने चाललं की कुणाची कुरकुर नको." सगळ्यांनी मान डोलावली. त्या चढाबद्दल मला आज फार प्रेम वाटलं.

१९ एप्रिल, रविवार

जागा बघून आलो. पुष्पकमधून जावं लागलं, कारण बाबांनी साडूला आधीच हो म्हटलं होतं. मी पुढे बसलो. गाडी चालते छान, हे कबूल करतो.

तळ्याच्या मालकाने यंदा खालचं शौचालय काढून टाकलंय. पावसात तिथे पाणी भरायचं. आता एकच, वर रस्त्याजवळ, नवीन फरशीचं. मी म्हणालो, "बरं झालं, खाली वास नको." बाबा बाकावर बसून खाली पाण्याकडे बघत होते. म्हणाले, "चढ आहे नाही बराच?" मी म्हणालो, "बाबा, तुम्हाला कसला चढ? तुम्ही आम्हालाच दमवाल." ते हसले. मालकाने चहा आणला तो त्यांनी घेतला नाही. चहाचं एवढं वेड असलेला माणूस.

येताना साडूने वाटेत दोनदा गाडी थांबवली. टायर बघतो म्हणे. दोन्ही वेळा बाबा पाय मोकळे करायला आत मागच्या बाजूला गेले. नवी कोरी गाडी, आणि टायर दोनदा बघावे लागतात. मी गालातल्या गालात हसलो. दिखाऊपणा दुसरं काय.

२७ एप्रिल, सोमवार

मेहुणीच्या तोंडून सहज निघालं की साडू दर गुरुवारी बाबांना कुठेतरी घेऊन जातो. कुठे, ते तिने सांगितलं नाही. "असंच, फेरफटका," म्हणाली आणि विषय बदलला.

दर गुरुवारी. मला सांगायची कुणाला गरजही वाटली नाही.

संध्याकाळी मी बाबांकडे गेलो. जाताना त्यांच्यासाठी तंबूत अंथरायची नवीन गादी घेतली, हवा भरायची, जाड. बाबांनी तिच्यावरून हात फिरवला. "छान आहे रे. कशाला एवढं?" मी म्हणालो, "जमिनीवर टाकून बघू या का, आत्ताच?" ते म्हणाले, "तिथेच बघू." मग खुर्चीचे दोन्ही हात धरून सावकाश उठले आणि आत गेले, ते बराच वेळ आले नाहीत. मी एकटाच गादीत हवा भरत आणि सोडत बसलो.

आल्यावर मी मुद्दाम विचारलं, "गुरुवारी कुठे असता?" तर म्हणाले, "जावईबापू नेतात फिरायला. नाही म्हणवत नाही." नाही म्हणवत नाही, हे ऐकून फार बरं वाटलं. म्हणजे जुलमाचा रामराम आहे तो.

६ मे, बुधवार

आज साडूचा फोन. "दादा, बाबांना या वर्षी आमच्या गाडीत झोपू द्या. जागा आहे, पलंग आहे."

आलं पोटातलं ओठावर. मी शांतपणे म्हणालो, "बाबांना विचारा की."

"मी विचारून उपयोग नाही. तुम्ही म्हणालात तरच ते येतील."

म्हणजे याला माझ्याच हातून माझा पत्ता कापायचाय. मी म्हणालो, "ठीक आहे, रविवारी सगळे जेवायला आहेतच. तेव्हा विचारतो." तो म्हणाला, "सगळ्यांसमोर नको, दादा." मग तर मी ठरवूनच टाकलं.

१० मे, रविवार

विचारलं. सगळे पानावर असताना. "बाबा, यंदा तंबू की पुष्पक?"

बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ताटाकडे. "दरवर्षी कुठे झोपतो?" म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच. साडू हसला नाही. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बायकोने माझं अर्धं जेवण बाकी असताना ताट उचललं. "झालं ना तुझं?" म्हणाली.

नंतर हात धुवायला गेलो तर पडवीत बाबा आणि साडू हळू आवाजात बोलत होते. बाबा त्याला म्हणाले, "त्याच्या कानावर घालायचं नाही, सांगून ठेवतो." मी आल्यावर दोघंही गप्प. साडूने मला विचारलं, "पाऊस येईल का हो तेव्हा?" ढगाचा पत्ता नव्हता.

काहीतरी शिजतंय. पुढच्या वर्षीपासून आखणी साडूकडे द्यायची, आणि मला वाईट वाटू नये म्हणून गुपचूप. दुसरं काय असणार? वर्षानुवर्षं खपा आणि शेवटी आयत्या बिळावर नागोबा येऊन बसतो.

१७ मे, रविवार

जागांचा आराखडा पूर्ण. दरवर्षीपेक्षा सुबक निघालाय. गाड्यांच्या जागा वर, ओळीने. तंबू खाली. पहिली जागा, अगदी पाण्याला लागून, झाडाखालची, बाबांची आणि माझी. सगळ्या तळ्यात तिच्यासारखी जागा नाही. शौचालयापासून सगळ्यांत लांब, सगळ्यांत शांत.

साडू आराखडा बघायला आला. बराच वेळ बघत राहिला. मग चढाच्या मधोमध बोट ठेवून म्हणाला, "मला इथे गाडी लावू द्या. विजेशिवाय चालवीन."

मी म्हणालो, "तिथे उतार आहे. तुमची पाणसळ काय म्हणेल?"

"लाकडी ठोकळे लावीन चाकांखाली."

"नियम सगळ्यांना सारखा." हे वाक्य मी इतकं गोड आवाजात म्हटलं की माझं मलाच कौतुक वाटलं.

तो गेल्यावर बायको दारातच उभी होती. "तू बाबांसाठी भांडतोयस की त्याच्याशी?" मी म्हणालो, "भांडतोय कोण?" तिने दार लावून घेतलं. तिलाही काही माहीत आहे का, विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण ती साडूची बाजू घेईल अशी भीती वाटली.

२२ मे, शुक्रवार. तळ्याकाठी

सगळे पोचले. गाड्या मागे घेऊन जागेवर लावताना प्रत्येक नवरा-बायकोचं भांडण झालं. दातांची डॉक्टरीण नवऱ्याला म्हणाली, "तू हात हलवतोयस की माश्या हाकलतोयस?" आम्ही तंबूवाले खाली उभे राहून फुकटचा तमाशा बघत होतो. साडूने मात्र एका दमात गाडी लावली. जळलं मेलं लक्षण.

मुलं सगळी पुष्पकमध्ये. माझीसुद्धा. मी हाक मारली तर खिडकीतून हात हलवले.

पण बाबा माझ्याकडे आहेत. नवीन गादीवर बसवलं त्यांना. बसताना माझ्या खांद्यावर जरा जोरात भार टाकला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जागा झकास काढलीस रे." साडू वरून बघत होता. मला आतून गुदगुल्या झाल्या.

जेवताना बाबा पाण्याला शिवले नाहीत. दुपारच्या चहालाही नको म्हणाले होते. मी पेला पुढे केला तर म्हणाले, "पोट भरलंय." उन्हाचा एवढा प्रवास झाला तरी तहान नाही, जुन्या हाडाची माणसं वेगळीच. "उद्या पहाटे पाण्यात," मी म्हणालो. "बघू," म्हणाले.

२३ मे, शनिवार

अक्षर वेडंवाकडं येतंय.

उजाडताना मला जाग आली. बाबा जागेच होते. गुडघ्यांवर कसेबसे उठून दोन्ही हातांनी तंबूचा खांब धरून बसले होते. मला वाटलं पोहायला निघाले. "थांबा, मी पण येतो," म्हटलं. त्यांनी मान हलवली, बोलायला गेले आणि शब्दच फुटला नाही. ओठ पांढरे. खांब सोडला आणि माझ्या अंगावर कलंडले.

मी ओरडलो. ओरडलो ते साडूच्या नावाने. बायकोच्या नाही, डॉक्टरणीच्याही नाही. का ते मला माहीत नाही.

तो चढावरून अनवाणी धावत आला. हातात मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली तयार होती. तयार. त्याने बाबांना एक एक घोट पाजलं. मागोमाग डॉक्टरीण आली. दातांची असली तरी डॉक्टर, तिने नाडी बघितली, त्वचा ओढून बघितली आणि शहरातल्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. "अंगातलं पाणी कमी झालंय. शेवटचं कधी प्यायले?"

मला माहीत नव्हतं. रात्रभर त्यांच्या शेजारी मी होतो.

"काल घरून निघाल्यापासून नाही," साडू म्हणाला.

बाबांना घडीच्या खुर्चीत बसवून आम्ही दोघांनी वर नेलं. पुढून तो, मागून मी. तो चढ मी पहिल्यांदाच पायांनी मोजला असं वाटलं. मध्ये दोनदा थांबलो. बाबा डोळे मिटून होते. त्यांना पुष्पकमध्ये निजवलं, तासाभराने रंग परत आला आणि डॉक्टरीण म्हणाली की आता धोका नाही. बायको आणि मेहुणी आत बसल्या. मी बाहेर येऊन साडूला गाठलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो." तो उलट्या बादलीवर बसला. "तीन-चार महिने झाले. रात्री सारखं उठावं लागतं त्यांना, आणि गुडघे उठू देत नाहीत. एकदोनदा पोचायच्या आत झालं. दर गुरुवारी डॉक्टरकडे नेतो मी. बाहेर जायचं असलं की आधीपासूनच पाणी पीत नाहीत. काल पण तेच करणार हे मला माहीत होतं. शपथ घातली होती तुम्हाला सांगायचं नाही म्हणून."

"मला का नाही?" माझा आवाज चढला. "तुम्हाला सांगितलं, मग मला का नाही?"

"तेच तर, दादा." तो माझ्याकडे बघत नव्हता. "माझ्यासमोर त्यांना लाज वाटत नाही. मी कोण, जावईबापू. माझ्यासमोर कपडे ओले झाले काय आणि कोरडे राहिले काय. तुमच्यासमोर त्यांना अजून शिट्टी घालून उभं राहायचंय. मी आठ वर्षं धडपडतोय. ही गाडीसुद्धा, आत संडास आहे म्हणून हीच घेतली. आणि काल ते झोपले कुठे? तुमच्याजवळ, कोरड्या घशाने."

टेबलावर विचारलेला प्रश्न आठवला, सगळ्यांसमोर. ती पाण्यालगतची मानाची जागा आठवली. जागा मी कुणासाठी काढली होती, तेही आता इथे लिहायची गरज नाही.

"तुम्ही मला तरीही सांगायला हवं होतं," मी म्हणालो.

"तुम्ही ऐकलं असतं?"

नसतं ऐकलं.

दुपारी बाबांचं अंथरूण, गादी, कपडे सगळं मीच वर नेऊन दिलं. बाबा जागे होते. मी म्हणालो, "बाबा, आज इथेच झोपा." त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "जावईबापूंनी सांगितलं वाटतं." मी म्हणालो, "नाही, डॉक्टरणीने." खोटं बोललो. त्यांना ते कळलं की नाही ते समजलं नाही. मी बाहेर आलो आणि तळ्यावर जाऊन पाय पाण्यात सोडून बसलो. पोहलो नाही.

२४ मे, रविवार

रात्री तंबूत एकटा होतो. मुलं वर, बायको वर, सगळं गाव वर. झोप लागली नाही असं नाही, पण चांगली लागली नाही.

सकाळी चहा घेऊन वर गेलो तर पुष्पकच्या समोर मैफल जमलेली. बाबा घडीच्या खुर्चीत, अंगावर शाल, हातात कप, तो दुसरा कप होता असं मेहुणी म्हणाली. पोरांना पोहण्याच्या शर्यतीची गोष्ट सांगत होते. चेहरा टवटवीत. "पलंग झकास आहे," म्हणाले, "उठायला सोपं." सगळे साडूकडे कौतुकाने बघत होते, आणि तो पाणसळीने टेबल सरळ करायच्या मिषाने खाली वाकला होता.

मला बरं वाटलं. मनापासून. आणि दैनंदिनीत तरी खोटं कशाला लिहू, तेवढ्याच मनापासून जळलोही. एवढं सगळं होऊनसुद्धा. चहाची किटली कुणाला नको होती, ती घेऊन मी परत निघालो.

"अरे," बाबांनी हाक मारली. "इकडे ये जरा."

साडू सवयीने आधी उठला. "काय हवंय, बाबा?"

"तुम्ही बसा, जावईबापू."

मी जवळ गेलो. त्यांनी माझा दंड धरला आणि माझ्या कानाशी येऊन, पोरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "आत जायचंय. पायजम्याच्या नाडीला गाठ बसलीये. बोटं चालत नाहीत माझी. लवकर चल."

आतल्या त्या फडताळाएवढ्या जागेत आम्ही दोघं मावेना. मी गुडघ्यांवर बसलो. गाठ ओली होऊन घट्ट झाली होती, नखाने सुटेना, शेवटी दातांनी सोडवली. तोल सावरायला बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता आणि तो हात चांगलाच कापत होता. अगदी वेळेवर सुटली म्हणायची. मी तोंड फिरवून उभा राहिलो.

"आता बांधून दे, आणि संध्याकाळी निघतानाही," ते म्हणाले. "सैल बांध."

"हो."

त्यांना धरून बाहेर आणलं, खुर्चीत बसवलं, शाल नीट केली. साडू पायरीपाशी उभा होता. हातात त्यांचा कप, अजून भरलेला. तो आमच्या दोघांकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लगेच ओळखलं. एप्रिलपासून रोज दाढी करताना आरशात तेच बघतोय.

मी त्याच्या हातातला कप घेतला. "गार झाला असेल. तुम्हाला दुसरा देऊ का?"

"नको," तो म्हणाला, आणि गाडीची चाकं बघायला मागे गेला.